यारोमीर यागर आणि व्यावसायिक आइस हॉकीपटूचं आयुष्य

मांडवीकाठ

आइस हॉकीवर इथे अजून धागा दिसला नाही, म्हणून काढतोय. मला मुख्यतः एकाच माणसाबद्दल लिहायचं आहे: यारोमीर यागर, चेक खेळाडू. अमेरिका-कॅनडातल्या एनएचएल लीगमध्ये तो १७३३ सामने खेळला, ७६६ गोल केले, ११५५ गोलांमध्ये पास देऊन वाटा उचलला. दोन्ही मिळून १९२१ गुण. यादीत त्याच्या वर फक्त वेन ग्रेट्झ्की, २८५७ गुणांवर. हे आकडे कुठेही सापडतील. मला त्याच्या कारकिर्दीचा शेवटचा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि तो भाग गोव्यातल्या फुटबॉलवेड्या माणसाला पटकन कळेल असंही वाटतं. पण आधी सुरुवातीपासून सांगतो.

जन्म १५ फेब्रुवारी १९७२, क्लाद्नो. प्रागजवळचं कोळसा आणि पोलाद यांच्यावर जगणारं शहर. घरची शेती होती, ती कम्युनिस्ट राजवटीने काढून घेतली. आजोबांना तुरुंगात घातलं. ते वारले १९६८ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले त्याच वर्षी. यागर आयुष्यभर ६८ नंबरची जर्सी घालतो ती यासाठी. लहानपणी रोज हजार बैठका काढायचा. सोळाव्या वर्षी चेकोस्लोव्हाकियाच्या अव्वल लीगमध्ये मोठ्या माणसांबरोबर खेळायला लागला.

नोव्हेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळली आणि जून १९९० मध्ये एनएचएलचा ड्राफ्ट होता, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे तरुण खेळाडू निवडतात तो कार्यक्रम. त्याच्याआधीच्या चेकोस्लोव्हाक खेळाडूंना तिकडे जायचं तर देशातून पळून जावं लागायचं, घरच्यांना मागे टाकून. त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला पेत्र नेद्वेद तसाच पळून गेलेला होता. पाचव्या क्रमांकावर पिट्सबर्ग पेंग्विन्सने घेतलेला यागर मात्र उजळ माथ्याने विमानात बसला. अशा रीतीने ड्राफ्टला हजर राहणारा तो त्यांच्यातला पहिलाच.

पोचल्यावर काय झालं? अठरा वर्षांचा मुलगा, इंग्रजी येत नाही, रोज घराची आठवण. डिसेंबरमध्ये क्लबने मुद्दाम यिर्झी हृदिना हा वयाने मोठा चेक खेळाडू कॅल्गरीकडून घेतला. त्याचा खेळ उपयोगी होताच, पण पोराला बोलायला कोणीतरी हवं होतं, हेही त्यामागे होतं. त्याच मोसमात, १९९१ ला, पिट्सबर्गने एनएचएलचं विजेतेपद, म्हणजे स्टॅनली कप, जिंकला, १९९२ ला पुन्हा. मारियो लेम्यू कप्तान आणि यागर त्याच्याकडून शिकणारा. नंतर सगळ्यात जास्त गुणांचा आर्ट रॉस करंडक पाच वेळा, १९९९ चा सर्वोत्तम खेळाडूचा हार्ट करंडक. १९९५-९६ च्या एका मोसमात ६२ गोल आणि १४९ गुण.

पुढचं वाचताना मात्र कारकिर्दीची दुसरी बाजू दिसते. २००१ ला वॉशिंग्टनला पाठवणी. २००४ ला न्यूयॉर्क. २००८ ला रशियात ओम्स्क. २०११ ला फिलाडेल्फिया, मग डॅलस, बॉस्टन, न्यू जर्सी, फ्लोरिडा, शेवटी कॅल्गरी. एनएचएलचे एकूण नऊ क्लब. फ्लोरिडात तो ज्या एरन एकब्लाडबरोबर खेळला तो १९९६ मध्ये जन्मलेला. यागरचे दोन्ही कप त्याच्या जन्माआधीचे. २२ डिसेंबर २०१६ ला, चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्याने मार्क मेसिएला मागे टाकून गुणांच्या यादीत दुसरा नंबर घेतला.

आणि २०१८ च्या सुरुवातीला तो कुठे गेला? क्लाद्नोला. दुसऱ्या श्रेणीत. या क्लबची मालकी त्याने २०११ मध्येच वडिलांकडून आपल्याकडे घेतली होती. २०१४ ला क्लब अव्वल लीगमधून खाली घसरला, २०१९ ला वर आला, २०२० ला पुन्हा खाली, २०२१ ला पुन्हा वर. या सगळ्यात मालक स्वतः बर्फावर. मी खेळतोय तोवर पुरस्कर्ते थांबतात, प्रेक्षक येतात, असं तो स्वतः उघडपणे बोलत आलाय. पन्नाशी उलटल्यावरही तो खेळत राहिला, आणि १८ फेब्रुवारी २०२४ ला पिट्सबर्गने त्याची ६८ नंबरची जर्सी छताला टांगली तेव्हाही तो निवृत्त झालेला नव्हता.

आता आपल्या गोव्याचं बघा. २०१६ च्या उन्हाळ्यात साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब या फुटबॉल क्लबांनी आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलं, मागोमाग धेंपोनेही. पाच राष्ट्रीय विजेतेपदं असलेला धेंपो! फातोर्ड्यात त्या क्लबांच्या सामन्यांना जाऊन मोठी झालेली आमची पिढी आहे. परत वर यायला धेंपोला कित्येक वर्षं लागली. म्हणून मला क्लाद्नोची गोष्ट परकी वाटत नाही. ज्या क्लबने सोळाव्या वर्षी संधी दिली तो बुडू नये म्हणून पन्नाशीतला माणूस रात्री जडशीळ जाकीट घालून सराव करतो. माझ्या मते त्याच्या पाच करंडकांपेक्षा हे मोठं आहे. तुम्हाला काय वाटतं?

फोंडेकर_कोच

धागा आवडला. पण शेवटच्या परिच्छेदाशी माझं जमत नाही.

मी मुलांना फुटबॉल शिकवतो. संघात जागा मोजक्या असतात. आइस हॉकीत सामन्याला वीस-बावीस जण जर्सी घालतात, त्यातले दोन गोली (गोलरक्षक), म्हणजे बाकी खेळाडूंना अठरा-वीस जागा. त्यातली एक मालकाने अडवली तर क्लाद्नोच्या एका विशीतल्या मुलाला बाकड्यावर बसावं लागतं. आणि प्रशिक्षकाने मालकाला बाहेर बसवायचं कसं? २०२० ला संघ खाली गेलाच ना? पुरस्कर्ते एका नावासाठी थांबतात ही क्लबची ताकद नाही, दुखणं आहे. नाव गेलं की पैसे गेले. आपल्याकडे क्लब मालकाच्या मर्जीवर उभे होते म्हणून तर २०१६ ला एका पत्रकाने सगळं संपलं. तिथेही तेच चाललंय, फक्त मालक प्रेमळ आहे.

यागरचा आदर मलाही आहे. पण त्याने पंचेचाळिसाव्या वर्षी काठी ठेवून पूर्ण वेळ क्लब चालवला असता तर जास्त बरं झालं असतं.

मांडवीकाठ

कोच, जागेचा मुद्दा बरोबर आहे, मी तो विचारात घेतला नव्हता. तरी दोन गोष्टी सांगतो. क्लब दुसऱ्या श्रेणीत असताना तिथल्या तरुण मुलांना त्याच्याबरोबर रोजचा सराव मिळाला. पिट्सबर्गला त्याला लेम्यूकडून जे मिळालं तेच हे. आणि उतारवयात काही मोसमांत तो मोजकेच सामने खेळला, दर सामन्याला जागा धरून बसला नाही.

एका नावावर क्लब उभा राहू नये, हे मात्र मला मान्य करावंच लागेल.

डिचोलीचो_गोली

नागानोचा उल्लेखच नाही? १९९८ चं हिवाळी ऑलिंपिक हे यागरच्या पिढीचं शिखर आहे. एनएचएलने पहिल्यांदाच आपला मोसम थांबवून सगळे खेळाडू ऑलिंपिकला सोडले. कॅनडाकडे ग्रेट्झ्की, अमेरिकेकडे बडे लोक, आणि चेक संघाला कोणी धरलंही नव्हतं. त्यांनी उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेला ४-१ हरवलं. उपांत्य फेरीत कॅनडाशी १-१, मग पेनल्टी. गोली डोमिनिक हाशेकने पाचही जणांना अडवलं. पाच! कॅनडाच्या प्रशिक्षकाने ग्रेट्झ्कीला त्या पाचांत घेतलंच नव्हतं, त्यावर कॅनडात आजही भांडतात. अंतिम सामन्यात रशियावर १-०, गोल पेत्र स्वोबोदाचा. हा स्वोबोदा बचावपटू, आणि तोही तरुणपणी देशातून पळून गेलेला.

इकडे गोलीचं महत्त्व मी सांगायला नको. ब्रह्मानंद शंखवाळकरांना खेळताना पाहिलेली माणसं अजून साखळी-डिचोलीत आहेत. ताळगावचा माणूस भारताचा कप्तान झाला, १९९७ ला अर्जुन, २०२२ ला पद्मश्री. हाशेक पाहताना मला नेहमी तेच वाटतं की गोलीची कारकीर्द ही वेगळीच जात आहे. पुढे खेळणारा चाळीस-पन्नास सेकंद पळतो आणि बाकड्यावर येऊन दम खातो, दुसरी तुकडी उतरते. गोली साठ मिनिटं तिथेच. हाशेक तर पंचविसाव्या वर्षापर्यंत एनएचएलमध्ये पोचलाही नव्हता आणि पुढे दोन वेळा हार्ट करंडक घेऊन गेला. उशीर झाला म्हणून संपलं असं गोलीचं नसतं.

पेडण्याचा_नातू

६८ नंबरचं वाचून थांबलो.

माझे आजोबा पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या काळात आग्वादच्या तुरुंगात होते. घरात त्याबद्दल फार बोलणं नसायचं. आजी फक्त साल सांगायची. आमच्याकडे त्या सालावरूनच पुढच्या-मागच्या सगळ्या गोष्टी मोजल्या जायच्या: अमक्याचं लग्न त्याच्या आधी, तमक्याची मुंज त्याच्या नंतर. त्यामुळे एखाद्या पोराने आजोबांचं साल पाठीवर लिहून आयुष्यभर खेळावं हे मला कोणी समजावून सांगायला नको. शाळेत असताना तो वहीत रोनाल्ड रेगनचा फोटो ठेवायचा असंही वाचलंय. त्या देशात, त्या काळात, ते पोर काय जोखीम घेत होतं याची कल्पना करा.

आणि गंमत नव्हे, पुढे ओम्स्कला रशियन लोकांनी त्याच ६८ नंबरवर जीव लावला. तीन मोसम तो तिथे राहिला. राग राजवटीवर होता, माणसांवर नाही, असंच मी त्याचा अर्थ लावतो.

सावईवेरें_ते_ब्रॅम्प्टन

नमस्कार मंडळी. माझं मूळ गाव सावईवेरें, आता बरीच वर्षं कॅनडात ब्रॅम्प्टनला. माझा पुतण्या इथे हॉकी खेळत मोठा झाला, म्हणून आतलं थोडं सांगू शकतो. यागरची गोष्ट खरीच थोर, पण ती एका माणसाची. बाकीच्यांची कारकीर्द कशी असते तेही धाग्यावर यायला हवं.

इथे मूल पाच-सहा वर्षांचं असताना सुरुवात होते. बर्फाची वेळ मिळते ती पहाटेची, म्हणून सहा वाजता उणे पंधरात गाडी काढायची. दर वर्षी पाय वाढतो, दर वर्षी नवे स्केट. काठ्या मोडतात. स्पर्धेच्या संघात गेलं की प्रवास आणि हॉटेलं. आमच्या भावाने त्या वर्षांत दुसरी नोकरी धरली होती. पंधरा-सोळाव्या वर्षी ज्युनियर लीगचे क्लब मुलं निवडतात. निवड झाली की मूल घर सोडून परगावी अनोळखी कुटुंबात राहायला जातं, तिथून शाळा आणि हॉकी. अठराव्या वर्षी एनएचएलचा ड्राफ्ट: ३२ क्लब, सात फेऱ्या, २२४ नावं. जगभरातून २२४. आणि निवड झाली म्हणजे खेळायला मिळालं असं नाही. त्यातले पुष्कळ जण एनएचएलचा एकही सामना खेळत नाहीत.

मधली पायरी म्हणजे एएचएल, त्याखाली ईसीएचएल. बसने प्रवास, लहान शहरं. करारात दोन वेगवेगळे पगार लिहिलेले असतात: वरच्या संघात असाल त्या दिवसांचा एक, खालच्या संघात असाल त्या दिवसांचा दुसरा. २०२५-२६ मध्ये एनएचएलचा किमान पगार वर्षाला ७,७५,००० डॉलर होता, खालच्या लीगचा त्याच्या जवळपासही नव्हता. सकाळी फोन येतो, संध्याकाळी दुसऱ्या शहरात खेळायचं असतं. अनुभवी खेळाडूला खाली पाठवायचं असेल तर आधी त्याचं नाव बाकी सगळ्या क्लबांपुढे ठेवतात आणि चोवीस तासांत कोणीही त्याला उचलू शकतं. बायकामुलांसकट बिऱ्हाड हलतं. ज्याच्या करारात 'मला विकायचं नाही' असं कलम आहे तो नशीबवान, आणि ते कलम मोठ्या खेळाडूलाच मिळतं.

आपल्या लोकांसाठी एक नोंद. एनएचएलमध्ये खेळलेला भारतीय वंशाचा पहिला माणूस रॉबिन बावा, १९८९ मध्ये, वॉशिंग्टनकडून. ब्रिटिश कोलंबियाचा पंजाबी. चार क्लबांकडून मिळून ६१ सामने. मग मॅनी मल्होत्रा आला, १९९८ च्या ड्राफ्टमध्ये सातवा, आणि तो हजारच्या आसपास सामने खेळला. २०२४ मध्ये व्हँकुव्हरकडून अर्शदीप बैन्स उतरला. इथे टीव्हीवर सामन्याचं पंजाबी समालोचन २००८ पासून चालू आहे आणि माझे शेजारी तेच लावतात.

पुतण्या सतराव्या वर्षी थांबला. खांदा दोनदा निखळला होता. आता तो पंच आहे, आठवड्याला सामने घेतो, आणि खूश आहे.

बार्देशची_लेक

ब्रॅम्प्टनबाब, तुमचा प्रतिसाद वाचताना मला आमचं घर दिसत होतं. माझे पप्पा तारवटी. बोटीवरचा करार संपला की घरी, पुढचा करार कुठल्या कंपनीचा, कुठल्या बोटीवर, हे कळायच्या आत वैद्यकीय तपासणी. तपासणीत नापास तर घरी बसायचं. हॉकीवाल्याचं आयुष्य मला अगदी तसंच दिसतं: शरीर हेच भांडवल, मुक्काम दुसरा कोणी ठरवणार, आणि घरातल्या बाईने बाकी सगळं एकटीने ओढायचं.

म्हणून माझा प्रश्न वेगळा आहे. कारकीर्द म्हणताना आपण खेळाडूचे सामने मोजतो. त्याच्या आईची, बायकोची वर्षं त्यात कुठे धरतो? यागरची आई तो पिट्सबर्गला असताना त्याच्याकडे राहायला जायची असं वाचल्याचं आठवतं. मारियो लेम्यूचं नाव सगळे घेतात, हृदिनाचं तुम्ही घेतलंत, फार छान केलंत. पण त्या पोराला जेवायला वाढणारी माणसं पण होतीच की.

मांडवीकाठ

ताई, तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि मूळ लेखात ते यायला हवं होतं. वडिलांकडून क्लब त्याने घेतला म्हणजे इतकी वर्षं तो घरच्यांनीच सांभाळला होता. मी ते एका वाक्यात उरकलं.

रात्रपाळी

ओम्स्कचा विषय निघालाय तर अलेक्सेई चेरेपानोव्हचं नाव घ्यायलाच हवं. १९ वर्षांचा मुलगा, न्यूयॉर्क रेंजर्सने ड्राफ्टमध्ये निवडलेला, यागरच्याच तुकडीत खेळायचा. १३ ऑक्टोबर २००८, चेखोव गावात सामना. शेवटच्या काही मिनिटांत दोघं बर्फावरून बाकड्यावर येऊन शेजारी बसले आणि मुलगा कोसळला. हृदयाचा आजार होता, तो आधी लक्षात आला नव्हता. रुग्णवाहिका स्टेडियममधून निघून गेलेली होती. हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र चाललं नाही. मुलगा गेला.

मी परिचारिका आहे, म्हणून ही गोष्ट मला या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची वाटते. अशा वेळी प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता झपाट्याने घटत जाते. छातीवर दाब द्यायला तत्काळ सुरुवात आणि ते यंत्र तीन-चार मिनिटांत, एवढं असेल तर माणूस वाचू शकतो. २०२१ च्या युरो स्पर्धेत कोपनहेगनला क्रिस्तियान एरिक्सन मैदानावर कोसळला, तो वाचला आणि परत व्यावसायिक फुटबॉल खेळायला लागला, कारण या दोन्ही गोष्टी तिथे झाल्या.

गोव्याने हे दुःख पाहिलंय. ५ डिसेंबर २००४, बेंगळूरु, फेडरेशन कपचा अंतिम सामना. धेंपोच्या क्रिस्तियानो ज्युनियरने मोहन बागानवर दोन्ही गोल केले, आणि दुसरा गोल करताना गोलीशी धडक होऊन तो पडला तो उठलाच नाही. पंचवीस वर्षांचा ब्राझिलियन मुलगा. धेंपोने त्याचा १० नंबर नंतर कोणाला दिला नाही. मैदानावरच्या तातडीच्या उपचारांबद्दल तेव्हा खूप लिहून आलं.

कोच, तुमच्या मैदानावर ते यंत्र आहे का? मुलांच्या पालकांपैकी किती जणांना छातीवर दाब देता येतो?

फोंडेकर_कोच

यंत्र नाही. मला स्वतःला दाब द्यायला येतो, एका शिबिरात शिकलो होतो, पण पालकांना नाही. तुम्ही एक रविवार द्याल का? मैदान आणि चटया मी बघतो. दाब द्यायच्या सरावाला पुतळा लागतो तो कुठून मिळेल तेवढं सांगा.

रात्रपाळी

पुतळा मी आणते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

मालीम_जेटी

मी बर्फाच्या फॅक्टरीत मेकॅनिक. खेळातलं मला काही कळत नाही, पण रिंकचं यंत्र आमच्याच जातीचं आहे म्हणून लिहितो. ट्रॉलरना लागणारा बर्फ आम्ही अमोनियाच्या कॉम्प्रेसरवर करतो. अमोनिया मिठाच्या पाण्याला थंड करतो, त्या पाण्यात डबे बुडवलेले असतात, डब्यात लादी धरते. हॉकीच्या जुन्या रिंकमध्ये तेच: थंड केलेलं खारं पाणी काँक्रीटखालच्या नळ्यांतून फिरवतात आणि वरती तीन-चार सेंटिमीटरचा थर धरतात. पाणी पातळ पातळ मारून थरावर थर चढवावा लागतो, एकदम ओतलं तर हवा अडकून बर्फ दुधाळ आणि ठिसूळ होतो.

गोव्यात रिंक होईल का असं कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. थंडी तयार करणं कठीण नाही. कठीण आहे ती आपली दमट हवा. बर्फावर सगळीकडून ओल येऊन बसणार, धुकं धरणार, छतावरून थेंब पडणार. हवा कोरडी करायची यंत्रं कॉम्प्रेसरइतकीच मोठी लागतील, आणि वीज बारा महिने. एका खोलीएवढ्या बर्फाची गोष्ट वेगळी. एनएचएलचा रिंक साठ मीटरहून जास्त लांब आणि सव्वीस मीटर रुंद असतो.

आणि अमोनियाशी खेळ नाही. कॅनडात फर्नी गावच्या रिंकमध्ये ऑक्टोबर २०१७ ला गळती होऊन तीन कामगार मेले. खेळाडूंची कारकीर्द ज्यांच्या जिवावर चालते त्यांत आम्ही पण येतो.

सावईवेरें_ते_ब्रॅम्प्टन

मालीमबाब, एकदम मान्य. तुमच्यासाठी एक खरी गोष्ट. २२ फेब्रुवारी २०२०, टोरांटो. कॅरोलायना संघाचे दोन्ही गोली एकाच सामन्यात जायबंदी झाले. अशा वेळेसाठी तेव्हा यजमान शहरात एक राखीव गोली स्टेडियममध्ये बसवून ठेवलेला असायचा, तो दोन्हीपैकी कुठल्याही संघाला उतरवता यायचा. त्या दिवशी होता डेव्हिड एअर्स, वय ४२. बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र चालवण्याचं काम त्याने केलेलं, आणि मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालेलं. त्याच्यावर पहिले दोन फटके आले, दोन्ही गोल. पुढचे आठही त्याने अडवले आणि कॅरोलायना ६-३ ने जिंकली. तोही टोरांटोविरुद्ध, म्हणजे आमच्याच संघाविरुद्ध. आम्ही हरलो आणि तरी घरात सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्याची एनएचएलची सगळी कारकीर्द अर्ध्या सामन्याची. यागरची १७३३ सामन्यांची. मला दोन्ही तितक्याच आवडतात.

म्हापश्याची_आई

सगळं वाचून काढलं. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. पेडेंच्या संकुलाजवळ इनलाइन स्केटिंग करते, आता रोलर हॉकीची काठी धरायला लागली आहे. तिला आइस हॉकी खेळायची आहे. घरात सगळे म्हणतात गोव्यात राहून हा कसला हट्ट. इथे जाणती माणसं आहेत म्हणून विचारते: तिला मी काय सांगू? यात मुलींना कारकीर्द आहे का? आणि पोट भरतं का? दोन्ही प्रश्नांचं खरं उत्तर द्या, मला बरं वाटावं म्हणून नको.

फोंडेकर_कोच

पोट भरण्याचं खरं उत्तर: भारतात या खेळावर नाही. शाळा सोडू देऊ नका. बाकी ब्रॅम्प्टनवाले सांगतील.

सावईवेरें_ते_ब्रॅम्प्टन

वहिनी, खरंच सांगतो.

मुलींची व्यावसायिक लीग, पीडब्ल्यूएचएल, १ जानेवारी २०२४ ला सुरू झाली. पहिला सामना टोरांटोतच, न्यूयॉर्कने आम्हाला ४-० हरवलं. पहिल्या मोसमात किमान पगार ३५,००० डॉलर ठेवला होता. टोरांटोत त्यावर एकटीचं जेमतेम भागतं. मुलांच्या लीगशी तुलना केली तर वाईट वाटेल, पण त्याआधीच्या उत्तम मुली नोकरी करून संध्याकाळी खेळायच्या, ऑलिंपिकचं सुवर्ण घेतलेल्यासुद्धा. त्यामुळे दार उघडलंय, पण फार अरुंद आहे, आणि त्यातून जाणाऱ्या मुली पाचव्या वर्षापासून बर्फावर असतात. तेरा वर्षांच्या मुलीला मी त्या लीगचं स्वप्न दाखवणार नाही.

भारताच्या संघाचं मात्र दाखवेन. भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय महासंघात आहे. मुलींचा संघ २०१६ ला पहिल्यांदा बाहेर खेळला, तैपेईला. २०१७ ला बँकॉकमध्ये फिलिपिन्सवर ४-३, तो पहिला विजय. २०२५ ला अल ऐनच्या आशिया कपमध्ये कांस्य. या मुली बहुतेक लडाख आणि स्पितीच्या, गोठलेल्या तळ्यांवर शिकलेल्या, हिवाळ्याचे दोन-तीन महिनेच बर्फ मिळणाऱ्या. म्हणजे वर्षभराचा रिंक त्यांच्याकडेही नव्हता. आता लेहला कृत्रिम बर्फाचा रिंक झालाय, आणि डेहराडूनचा २०११ साली बांधलेला हिमाद्री रिंक बराच काळ बंद राहून २०२५ ला पुन्हा उघडला.

चाकांवर शिकलेलं सगळं वाया जात नाही. काठी, पास, मान वर ठेवून खेळणं, मागे धावणं, हे सगळं तसंच. थांबणं मात्र नव्याने शिकावं लागतं, कारण चाक आडवं घसरत नाही आणि बर्फावर पातं आडवं मारूनच थांबतात. पहिले काही दिवस खूप पडेल. ती पडून हसत उठत असेल तर पुढचा विचार करा.

म्हापश्याची_आई

आभारी आहे. पडून उठते ती, ते मी पाहिलंय. तिच्या बाबांना पोटाचा प्रश्न वाचून दाखवला, ते म्हणाले माणूस खरं बोलतोय. या हिवाळ्यात दहा-बारा दिवस लेहला नेता येईल का, तिथे नवशिक्या मुलींना शिकवतात का, आणि शाळेची परीक्षा कधी आहे, हे तिन्ही बघते.

मांडवीकाठ

ताई, एवढ्या उंचीवर एकदम सराव नको. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. पहिले दोन दिवस नुसतं बसून राहायचं, भरपूर पाणी प्यायचं, तिसऱ्या दिवशी स्केट. रात्रपाळी, तुम्ही यावर जास्त नेमकं सांगाल.

रात्रपाळी

दोन दिवसांची विश्रांती बरोबर, तिसऱ्या दिवशीही हळूच. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं यांतलं काही झालं तर त्या दिवशी बर्फावर जायचं नाही, मुलीने कितीही हट्ट केला तरी. न थांबणारा खोकला किंवा बसल्याजागी धाप लागली तर थेट डॉक्टर, आणि खाली उतरायची तयारी. निघण्याआधी तिचं हिमोग्लोबिन बघून घ्या आणि हृदय एकदा तपासून घ्या. चेरेपानोव्हचं वर लिहिलंय ते घाबरवायला नव्हतं, तपासणी करा म्हणून होतं. रविवारी कोचच्या मैदानावर असेन, मुलीला घेऊन या, कागद दाखवा, तिथेच बोलू.